बर्बन, पिंप आणि मामी

पुण्याहून नगर रोडला लागलात की शिरूरला घोड नदी ओलांडायची, नारायणगव्हाण, वाडेगव्हाण मागे टाकायचं आणि डोंगरावर पवनचक्क्या फिरताना दिसल्या की समजायचं, सुपा आलं! बहुतेक पुणेकरांसाठी सुपा म्हणजे शिर्डीला जाताना चहा प्यायला थांबायचं ठिकाण. गेल्या काही वर्षांत एमआयडीसी वाढली, जपानी कंपन्यांसाठी तिच्यात वेगळा भाग राखला गेला आणि सकाळी कंपन्यांच्या बस रांगेने उभ्या दिसायला लागल्या. मी त्यातल्याच एका कंपनीत क्वालिटीला आहे. दिवसभर मायक्रॉनमध्ये विचार करायचा आणि संध्याकाळी घरी येऊन भाकरी जाड का झाली यावर आईचं ऐकून घ्यायचं, असं एकंदर आयुष्य.

सुप्याच्या शेजारची आणखी एक ओळख सांगायलाच हवी. वाडेगव्हाणच्या फाट्यावरून आत वळलं की राळेगणसिद्धी. १९७५ साली लष्करातून परतलेल्या अण्णा हजारेंनी जिथे आधी दारूच्या भट्ट्या बंद करायला लावल्या आणि मग पाणी अडवलं, तेच राळेगण. आमच्या पारनेर तालुक्यात ‘बाटली’ हा शब्द नुसता उच्चारला तरी घरातल्या बायकांच्या कपाळावर आठी येते. इथे बाटली म्हणजे पार्टी नाही. बाटली म्हणजे कुणाचा तरी गेलेला नवरा, विकलेली जमीन, शाळा सोडलेली पोरगी.

अशा गावात बसून मी बर्बनवर लिहिणार आहे, हे मामीला सांगितलं. ती म्हणाली, ‘लिही की. पण खरं लिही.’

तर मंडळी, खरं लिहिते.

आधी थोडा फंडा क्लिअर करू

बर्बन म्हणजे अमेरिकन व्हिस्की, इतपत आपल्या सगळ्यांना माहीत असतं. पण आमच्यासारख्या क्वालिटीवाल्यांना बर्बन आवडण्याचं कारण म्हणजे तिचं स्पेसिफिकेशन! अमेरिकेच्या कायद्यात ती अगदी ड्रॉइंगसारखी लिहून ठेवलीय. धान्यात किमान ५१ टक्के मका पाहिजे. अर्क काढताना अल्कोहोल ८० टक्क्यांच्या वर जाता कामा नये. पिंपात भरताना ते ६२.५ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही आणि बाटलीत ४० टक्क्यांपेक्षा कमी चालत नाही. रंग, साखर, इसेन्स यातलं काहीही घालायचं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पिंप ओकच्या लाकडाचं, आतून जाळलेलं आणि कोरं करकरीत नवीन हवं. १९६४ साली तर अमेरिकन काँग्रेसने ठराव करून सांगून टाकलं की बर्बन हे आमच्या देशाचं खास उत्पादन. म्हणजे सुप्यात मका पिकवून, पिंप जाळून अगदी हुबेहूब तसंच काही बनवलं, तरी त्याला बर्बन म्हणता येणार नाही.

पिंप जाळायचं कशाला? तर लाकडातल्या साखरेचा थर उष्णतेने कॅरमलसारखा होतो. लाकडाला घट्ट धरून ठेवणारा लिग्निन नावाचा पदार्थ असतो, तो फुटला की त्यातून व्हॅनिलिन मिळतं. हो, व्हॅनिला आइस्क्रीमच्या वासातलं तेच व्हॅनिलिन! शिवाय आतला कोळशाचा थर गाळणीचं काम करतो. केंटकीतल्या उन्हाळ्यात दारू फुगून लाकडात शिरते, हिवाळ्यात आक्रसून बाहेर येते. असं आत-बाहेर करत काही वर्षं गेली की पाण्यासारखा दिसणारा अर्क तांबूस होतो. बाटलीतला तो सुंदर रंग लाकडाचा असतो.

मराठीत याला एक फार छान शब्द आहे. मुरणं! लोणचं मुरतं, मुरांबा मुरतो, माणूससुद्धा एखाद्या कामात मुरतो. इंग्रजीतल्या ‘मॅच्युरेशन’मध्ये ती मजा नाही.

आता गंमत बघा. कायद्याने नवीनच पिंप लागतं, म्हणजे एकदा वापरलेलं पिंप बर्बनवाल्यांच्या कामाचं राहत नाही. मग सुमारे २०० लिटरची ही पिंपं जगभर निघतात. स्कॉटलंडला जातात, आपल्याकडेही येतात. एखादी स्कॉच किंवा भारतीय सिंगल माल्ट पिताना जो व्हॅनिलासारखा गोडसर वास येतो ना, तो बहुतेकदा केंटकीच्या जुन्या पिंपाचा उरलेला वास असतो.

पिंपाची बदली

मग ‘वाइन कास्क फिनिश’ ही काय भानगड आहे? सोपं आहे. दारू एका पिंपात पूर्ण मुरू द्यायची आणि शेवटचे काही महिने तिची बदली दुसऱ्या पिंपात करायची, ज्यात आधी वाइन मुरलेली होती. त्या लाकडाने कित्येक लिटर वाइन पिऊन ठेवलेली असते. ती हळूहळू नव्या पाहुण्याला देते.

आमच्या घरी चिनी मातीची एक मोठी बरणी आहे. तिच्यात दर वर्षी आंब्याचं लोणचं असतं. एका वर्षी आंबा कमी आला म्हणून आईने ती धुऊन, पुसून, उन्हात वाळवून लिंबाचं लोणचं भरलं. बरणी चकचकीत, पण लोणच्याला मागून मेथी-मोहरीचा आंब्याचा वास होताच. ओकचं लाकूड तर बरणीपेक्षा कितीतरी सच्छिद्र!

स्कॉटलंडमध्ये डेव्हिड स्टुअर्ट या बाल्व्हेनीच्या माल्ट मास्टरने १९८० च्या दशकात ही दोन पिंपांची पद्धत रुळवली. १९९३ मध्ये आलेली ‘डबलवुड’ त्याचीच. बर्बनमध्ये मात्र ही कल्पना उशिरा लोकप्रिय झाली. लिंकन हेंडरसन नावाचा गृहस्थ ब्राऊन-फोरमन कंपनीतून मास्टर डिस्टिलर म्हणून निवृत्त झाला होता. ‘वुडफोर्ड रिझर्व्ह’मागे त्याचंच डोकं. निवृत्तीनंतर मुलगा वेस याच्याबरोबर त्याने ‘एंजल्स एन्व्ही’ काढली. आधी नवीन ओकमध्ये मुरलेली बर्बन, मग पोर्तुगालच्या रुबी पोर्ट वाइनच्या पिंपात तीन ते सहा महिने मुक्काम, असा तिचा मामला. पोर्ट म्हणजे डोरो खोऱ्यातली द्राक्षं अर्धवट आंबली की त्यात द्राक्षाचंच स्पिरिट ओतून आंबणं थांबवायचं, म्हणजे साखर शिल्लक राहते. त्यामुळे ती गोड आणि तब्येतीने तगडी.

नावाचीही मजा आहे. पिंपातून दर वर्षी थोडी दारू उडून जाते, तिला म्हणतात ‘एंजल्स शेअर’, म्हणजे देवदूतांचा वाटा. स्कॉटलंडच्या थंडीत तो वर्षाला साधारण दोन टक्के असतो. आपल्याकडच्या उन्हात त्याच्या कित्येक पट! तर उडून गेलेलं देवदूतांना मिळालं, पण खाली उरलेलं इतकं झकास झालं की देवदूत जळायला लागले, म्हणून ही एन्व्ही. बाटलीच्या पाठीवर दोन पंखही काढलेत.

लिंकन हेंडरसन २०१३ साली गेला. २०१५ मध्ये बकार्डीने कंपनी घेतली आणि २०१६ मध्ये लुईव्हिल शहरात डिस्टिलरी लोकांसाठी उघडली. आणि त्या डिस्टिलरीच्या टूरवर आमच्या घरातला एक माणूस जाऊन आला. तिथून माझी गोष्ट सुरू होते.

न पिणारा दादा

हा दादा म्हणजे माझा मामेभाऊ. आई आणि थोरला मामा पाठोपाठची भावंडं. मामा पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर होता. दुष्काळी तालुक्यात टँकरवाल्याला भलता मान असतो. त्याला हाक मारणारे खूप आणि ‘चल, बसू’ म्हणणारेही खूप. आधी देशी, मग हातभट्टी. काळा गूळ, नवसागर आणि जुन्या ट्रकच्या ट्यूबमधून होणारी वाहतूक! बर्बनसाठी लाकूड कोणतं हे कायदा सांगतो, हातभट्टीचं फिनिश रबरात होतं. १९९९ च्या उन्हाळ्यात मामा गेला. दादा तेव्हा अकरा वर्षांचा. मामी त्याला घेऊन सुप्याला आमच्या घरी आली आणि मग इथलीच झाली. माझं लहानपण त्या दोघांसकटच आहे.

दादा इंजिनीअर झाला, पुण्यात नोकरी केली, मग कंपनीने लुईव्हिलला पाठवलं. कधी बिअरलाही शिवला नाही. केंटकीत राहून बर्बन न पिणं म्हणजे कोल्हापुरात राहून तांबडा-पांढरा न खाण्यासारखं! पण त्याच्या टीमने एका शुक्रवारी ऑफिसची आउटिंग म्हणून डिस्टिलरीची टूर ठरवली आणि त्याला जावं लागलं. तिथे सगळे पीत होते. हा नुसता ग्लास हातात धरून वास घेत उभा.

सुट्टीवर आला तेव्हा बॅगेतून चॉकलेटं निघाली, आईसाठी बदाम निघाले, मामीसाठी गुडघ्याचा पट्टा निघाला आणि टॉवेलमध्ये गुंडाळलेली ती पंखवाली बाटली निघाली. सोबत साध्या बर्बनची एक छोटी, ५० मिलीची.

‘बारके, तू ऑफिसच्या पार्टीत घेतेस ना?’ त्याने सरळ विचारलं.

घेते. महिन्यातून एखाद वेळी, पुण्यात, मैत्रिणींबरोबर. वयाची पंचविशी ओलांडून सहा वर्षं झाली. (महाराष्ट्रात हार्ड लिकरसाठी वयाची अट २५ आहे, बरं का! आणि ज्या कायद्याने हे सगळं चालतं, तो मूळचा १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा. नावात दारूबंदी आणि पोटात परवाने. प्यायलासुद्धा परवाना लागतो, एक दिवसाचाही मिळतो.) आईला हे माहीत होतं. मामीला कुणी सांगितलं नव्हतं आणि तिने कधी विचारलं नव्हतं.

‘मग तू पिऊन सांग मला,’ दादा म्हणाला. ‘मला फक्त वास कळला. चव कशी असते ते सांग. पण आईपासून लपवून नाही.’

हे सगळं मामीला त्यानेच सांगितलं. मी तिथे नव्हते, मी तेवढी शूर नाही. मामीचा निकाल आला तो असा: ‘उंबऱ्याच्या आत नाही. पडवीत बसा. आन् मी पण बसते.’

पडवीतली टेस्टिंग

मंडळी, आयुष्यात तुम्ही पबमध्ये, रूफटॉपवर, गोव्याच्या शॅकमध्ये कुठेही प्यायला असाल. पण समोर मामी मेथी निवडत बसलीय आणि तुम्ही ग्लासात बर्बन ओतताय, याच्यासारखं टेन्शन कशात नाही.

पाण्याचे काचेचे दोन ग्लास घेतले. एकात साधी बर्बन, दुसऱ्यात पोर्टच्या पिंपातली. दोन्हींत जेमतेम दोन चमचे. बर्फ नाही, सोडा नाही. टेस्टिंगला या दोन्ही गोष्टी नको असतात, गारठ्याने जीभ बधिर होते आणि वास दबतो.

पहिली पायरी रंगाची. साधी बर्बन मधासारखी. दुसरी थोडी लालसर, उसाच्या काकवीत उजेड धरावा तशी.

मग वास. ग्लासात नाक खुपसायचं नाही, अल्कोहोलची झिणझिणी डोक्यात जाते. ग्लास हनुवटीजवळ धरायचा, तोंड किंचित उघडं ठेवायचं आणि हळू श्वास घ्यायचा. साध्या बर्बनमध्ये आधी व्हॅनिला आला, कस्टर्डचा डबा उघडल्यासारखा. मग जळक्या साखरेचा, आणि मागे नव्या फर्निचरचा. दुसऱ्या ग्लासात हे सगळं होतंच, पण त्याच्यावर काळ्या मनुका होत्या. पुरणात जायफळ किसताना येते तशी एक ऊब होती. आणि तळाशी थोडं आंबट, जांभळाच्या बीला चिकटून राहतं तेवढंच.

मग घोट. पहिला घोट जिभेला नुसती ओळख करून देण्यासाठी, त्यावर मत बनवायचं नाही. दुसरा खरा. साधी बर्बन समोरून येते. गोड, मग तिखट, मग गरम होत घशाखाली. पोर्टवाली तशी घाई करत नाही. मधला भाग रुंद आहे. गोडी मक्याची कमी आणि फळाची जास्त. घोट गेल्यावर जिभेच्या कडांना चहाच्या कोऱ्या अर्कासारखा तुरटपणा राहतो. तो द्राक्षाच्या सालीतून आणि लाकडातून आलेल्या टॅनिनचा. मग दोन थेंब पाणी टाकलं. वास आणखी मोकळा झाला, मनुकांची जागा अंजिराने घेतली. ४३.३ टक्के अल्कोहोल आहे यावर विश्वास बसू नये, इतकी ती मऊ होती.

हे सगळं मी दादाला बोलून दाखवत होते. तो वहीत घेतल्यासारखं ऐकत होता. मध्येच ग्लास उचलून वास घेत होता आणि मान हलवत होता.

‘बघू दे इकडं,’ मामी म्हणाली.

पडवीत एकदम शांतता. तिने मेथीचा हात पदराला पुसला, ग्लास नाकाशी नेला आणि बराच वेळ तसाच धरला. मला वाटलं, आता भिरकावते.

‘हे तं द्राक्षासवावानी येतंय,’ ती म्हणाली. ‘दादाच्या टायमाला बाळंतपणात पीत होते मी. आईनं आणलं होतं.’

आणि तिचं अगदी बरोबर होतं! द्राक्षासव म्हणजे मनुका आंबवून केलेलं औषध. बाटलीवर बघा, ‘स्वनिर्मित अल्कोहोल’ असं छापलेलं असतं. आंबणं घडवून आणायला त्यात धायटीची फुलं घालतात. पोर्ट वाइन म्हणजे शेवटी आंबलेली द्राक्षंच. केंटकीतल्या पिंपातून निघून पोर्तुगालच्या लाकडात राहून आलेला वास आमच्या मामीने सुप्याच्या पडवीत, एकाही टेस्टिंग कोर्सशिवाय, पहिल्या फटक्यात ओळखला. टेस्टिंगचं सगळं गुपित इथेच आहे. पुस्तकातलं ‘लेदर’ आणि ‘ब्लॅककरंट’ पाठ करायची गरज नाही. ब्लॅककरंट आपल्यापैकी कितीजणांनी खाल्लंय? आपल्या नाकात आपल्याच घरातले वास साठवलेले असतात. तेच शोधायचे.

एक प्रश्न आणि एक उत्तर

मग दादाने तो प्रश्न विचारला, ज्यासाठी ही बाटली साता समुद्रापलीकडून आली होती.

‘चांगली लागते का?’

मामी समोर. मी तिच्याकडे बघितलं नाही. ‘हो,’ म्हटलं. ‘चांगली लागते. खूपच.’

खोटं बोलता आलं असतं. ‘छे, कडू असते रे, लोक उगाच पितात’ असं म्हटलं असतं तर सगळ्यांना बरं वाटलं असतं. पण ज्याने लपवून नाही म्हणून एवढं सगळं केलं, त्याला खोटं रीडिंग कसं द्यायचं?

दादा म्हणाला, ‘तिथे गोदामात उभा होतो. एवढी पिंपं, एवढा वास. आणि मला एकच येत होतं डोक्यात, पप्पांच्या अंगाला असा वास नव्हता. मग वाटलं, त्यांना पण काही तरी चांगलं लागत असेल का त्यात? म्हणून सोडवत नसेल?’

मेथीच्या काड्या बाजूला सारत मामी म्हणाली, ‘तुझे पप्पा चवीसाठी नव्हते पीत. नाक दाबून प्यायचे. औषध पितात तसं.’

इतकंच. मग ती मेथी घेऊन आत गेली. थोड्या वेळाने भाजी फोडणीला टाकल्याचा आवाज आला.

मी त्या एका वाक्यावर फार दिवस विचार केला. आपण लाइफस्टाइलच्या पानांवर ‘दारू कशी एंजॉय करावी’ हे मोठ्या आवडीने वाचतो, मीसुद्धा. पण दोन चमचे बर्बनवर अर्धा तास बसता येणं, वासाला नावं देता येणं, दुसरा ग्लास नको म्हणता येणं, हे सगळं ज्याच्याकडे वेळ आणि पैसा आहे आणि उद्याची धास्ती नाही, त्याला जमतं. मामाकडे यातलं काहीच नव्हतं. त्याला टँकरच्या बारा खेपांनंतर लवकरात लवकर बधिर व्हायचं होतं, आणि सगळ्यात स्वस्त, सगळ्यात जवळ जे होतं ते त्याने घेतलं. ‘आम्ही दर्दी, ते दारुडे’ असं म्हणणं सोपं आहे. पण दोघांच्या ग्लासात रेणू एकच असतो, इथेनॉल. लिव्हर लेबल वाचत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्टच सांगितलं की अल्कोहोलचं अमुक इतकं प्रमाण सुरक्षित, असं काही नसतं. पोर्टच्या पिंपातल्या बर्बनला त्यातून सूट नाही.

मग मी सोडली का? नाही. खरं लिहायचं ठरलंय ना! पण माझं प्यायचं प्रमाण आता दोन चमच्यांवर आलंय, आणि मजा वाढलीय. नाकाने निम्मं काम होतं, हे त्या पडवीत कळलं.

आपल्या घरचं पिंप

ज्यांना केंटकीला कुणी दादा नाही, त्यांच्यासाठी खबर. बर्बनच्या पिंपात मुरवून वाइनच्या पिंपात फिनिश करायचा हा प्रकार आपल्या महाराष्ट्रातही होतो. नाशिकजवळ दिंडोरीला, जिथे द्राक्षांचे मळेच मळे आहेत, तिथे पर्नो रिका कंपनीची डिस्टिलरी आहे. २०२२ च्या अखेरीस त्यांनी ‘लाँगिट्यूड ७७’ नावाची सिंगल माल्ट आणली. धान्य मका नाही, बार्ली. पण पिंपांचा प्रवास तोच, आधी अमेरिकन बर्बनचं, मग वाइनचं. पुण्यात मैत्रिणीच्या फ्लॅटवर आम्ही तिघींनी ती चाखली. मला संत्र्याची साल आणि भाजलेलं खोबरं आठवलं. एकीला थेट बेसनाचा लाडू आठवला. दोघीही बरोबर!

उत्तर प्रदेशातल्या रामपूरची डिस्टिलरी १९४३ पासूनची. तिथे रॅडिको खेतान कंपनीने २०२० मध्ये जी सिंगल माल्ट काढली, ती बर्बनच्या पिंपांनंतर भारतीय कॅबर्ने सोव्हिन्यों वाइनच्या पिंपात ठेवतात. तिचं नाव काय असावं? ‘आसव’! मामीला सांगितलं तर ती नुसती हसली. मी म्हटलंच होतं, असं तिचं तोंड.

किमतींचं म्हणाल, तर परदेशी बाटल्या स्वस्त नाहीतच. महाराष्ट्र सरकारने नोव्हेंबर २०२१ मध्ये आयात स्कॉच-व्हिस्कीवरचं उत्पादन शुल्क ३०० टक्क्यांवरून १५० टक्क्यांवर आणलं. केंद्राने फेब्रुवारी २०२५ मध्ये बर्बनवरचा आयात कर १५० वरून १०० टक्के केला. तरीही पगाराच्या आठवड्यातच परवडावं असं प्रकरण. चौघींत वर्गणी काढणं उत्तम.

आडवी की उभी?

आता शेवटचा, अवघड मुद्दा. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं होतं. द्राक्ष उत्पादकांना फायदा होईल, वाइन म्हणजे काही दारू नव्हे, असं एका बाजूचं म्हणणं. आमच्या शेजारच्या राळेगणमधून अण्णांनी उपोषणाचा इशारा दिला. फेब्रुवारीत ग्रामसभा झाली, उपोषण टळलं आणि निर्णयही लोकांच्या हरकती-सूचनांसाठी थांबला. त्या दिवसांत आमच्या कंपनीच्या बसमध्ये रोज वाद व्हायचे. पुण्यात राहणारे म्हणायचे, काय हा मागासपणा! आमच्या तालुक्यातल्या बायका गप्प बसायच्या. मीही गप्प बसायचे.

आपल्याकडे गावातल्या बायकांना एक हक्क आहे. पुरेशा जणींनी मागणी केली की गुप्त मतदान होतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं, उभी बाटली आणि आडवी बाटली. निम्म्याहून जास्त बायकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान बंद. मामीने तालुक्यातल्या गावागावांत जाऊन यासाठी बैठका घेतल्यात. तिला भाषण येत नाही. ती उभी राहते आणि ‘माझा मालक असा असा गेला’ एवढंच सांगते.

दादा परत जायच्या आदल्या दिवशी तिने मला विचारलं, ‘उद्या आपल्या गावात मतदान लागलं, तं तू कुठं मारशील शिक्का?’

माझ्याकडे उत्तर तयार होतं, कारण त्यावर मी खूप रात्री घालवल्या होत्या. आडव्या बाटलीवर. माझी दोन चमचे बर्बन मी पुण्याहून आणीन, नाही तर तिथेच चाखून येईन. रोजंदारीचे पैसे खिशात घेऊन संध्याकाळी घराकडे निघालेल्या माणसाच्या वाटेवर दुकान नसणं, हे माझ्या सोयीपेक्षा मोठं आहे. मला थोडं लांब जावं लागेल, एवढंच माझं नुकसान.

मामीने ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘आन् त्या बाटलीतलं किती राहिलंय?’

‘अर्ध्याहून जास्त.’

‘सावकाश संपव,’ ती म्हणाली.